एका हातानं गरवताना

ढोमा मासा एकदम ओढत नाही. आधी दोन बारीक ठोके देतो, थांबतो, आणि मग कोलंबी तोंडात घेऊन चालायला लागतो. ते दोन ठोके माझ्या उजव्या तर्जनीला कळायचे. उजव्या हातात रॉड, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तर्जनीवर टेकवलेलं, डावा हात रिळाच्या मुठीवर, ही माझी वीस-बावीस वर्षांची सवय. मुंबईत मढच्या बाजूच्या एका छोट्या जेट्टीवर रविवारी पहाटे गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जायचं, दहापर्यंत परत यायचं. मासा मिळो न मिळो, आठवडा त्याच्या जोरावर जायचा.

जून २०२१ मध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, हायवेवर बाईक घसरली. मी उजव्या खांद्यावर पडलो आणि मान विरुद्ध बाजूला ओढली गेली. मानेतून हाताकडे पाच नसा (मज्जातंतू) जातात, मानेतल्या शेवटच्या चार आणि छातीतली पहिली. त्यांच्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. माझ्या त्या नसा मणक्याजवळ मुळापासून उपटल्या गेल्या. हात जागेवर होता, त्यात रक्त फिरत होतं, पण तो माझा राहिला नव्हता.

ज्या रुग्णालयात मला आधी नेलं तिथं मोडलेलं हासळीचं हाड बसवलं. हात हलत नाही म्हटलं की "सूज उतरली की येईल," असं उत्तर मिळायचं. आम्ही विश्वास ठेवला आणि दोन महिने वाट पाहिली. पुढे कळलं की अशा नसांचं ऑपरेशन पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हायला हवं. स्नायू फार काळ नसेविना राहिला तर वाळतो, मग त्याच्यापर्यंत नस पोचूनही उपयोग होत नाही. माझं ऑपरेशन पाचव्या महिन्यात झालं, नोव्हेंबरमध्ये. त्या गेलेल्या दिवसांचा राग अजून आहे. म्हणून इथं स्पष्ट लिहितो: अपघातानंतर कुणाचा हात लोंबत असेल आणि त्याला स्पर्श कळत नसेल, तर हाड जुळायची वाट बघू नका. नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला त्याच आठवड्यात दाखवा.

ऑपरेशनमध्ये बरगड्यांमधल्या तीन नसा सोडवून दंडाच्या स्नायूच्या नसेला जोडल्या. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. डॉक्टरांनी सांगितलं, "घाई करू नका, ती चालत येतेय." ऑगस्ट २०२२ मध्ये एकदा जोरात खोकलो आणि दंडात काहीतरी उडालं. परत खोकलो, परत उडालं. आईला बोलावून दाखवलं. बरगड्यांमधल्या नसांचं मूळ काम श्वासाचं, त्यामुळे खोल श्वास घेतला किंवा खोकलो की दंड आखडायचा. पुढचे सहा-सात महिने मी कोपर वाकवायला श्वास ओढायचो. हळूहळू मेंदू ते वेगळं करायला शिकतो आणि श्वास न घेताही कोपर वाकू लागतं. माझं वाकतं, काटकोनापर्यंत. मनगट आणि बोटं मात्र आली नाहीत. पंजाला स्पर्श नाही, पकड नाही, आणि येणारही नाही.

तेव्हा माझ्याकडे जमेला काय होतं? पूर्ण चांगला डावा हात आणि वाकणारं पण काही न धरणारं उजवं कोपर.

हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत ऑक्युपेशनल थेरपीला जात होतो. तिथल्या मॅडमनी विचारलं, "तुम्हाला परत काय करता यायला हवंय?" शर्टाची बटणं, ताटातलं जेवण, सही, हे सगळं आधीच झालं होतं. मी म्हटलं, "गरवायचंय." त्यांना शब्द कळला नाही. रीळ, रॉड, समुद्र असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी रॉड घेऊन या. बघितल्याशिवाय मी काय बनवणार?"

माळ्यावरून रॉड काढला. जवळजवळ दोन वर्षांची धूळ होती. दोन तुकड्यांचा सात फुटी कार्बनचा रॉड कापडी पिशवीत घालून लोकलच्या दिव्यांग डब्यातून नेला. (कार्बनमधून वीज जाते. स्टेशनात डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार असते. रॉड जोडून फलाटावर कधीही नेऊ नका, पिशवीतच ठेवा.)

मॅडमनी रॉड हातात घेतला, मला नेहमीसारखं उभं राहायला सांगितलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. मग एक गोष्ट विचारली जी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. "रीळ तुम्ही कुठल्या हातानं फिरवता?" डाव्या. स्पिनिंग रिळाची मूठ डावीकडे असते, उजवा माणूस रॉड उजव्या हातात धरतो आणि डाव्यानं फिरवतो. "म्हणजे अर्धं काम तुमच्या चांगल्या हाताला आधीपासूनच येतंय. उजव्याला फक्त रॉड पेलायचाय, आणि पेलायला बोटं लागतातच असं नाही." त्या वाक्यानंतर सगळं बदललं. तोवर मी माझ्या मुठीचाच विचार करत होतो.

त्यांनी थर्मोप्लास्टिकचा पांढरा पत्रा कापला आणि गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकला. पाणी उकळतं नव्हतं, सत्तर अंशांच्या आसपास. मिनिटभरात पत्रा काचेसारखा पारदर्शक होऊ लागला. पूर्ण पारदर्शक झाला म्हणजे मऊ झाला. मग टॉवेलवर टिपून, आधी स्वतःच्या हातावर लावून बघितला, कारण मला भाजलं तर कळणार नव्हतं. नंतर माझ्या कोपराखालून पंजापर्यंत दाबून बसवला. थंड होताना तो परत पांढरा होत गेला आणि माझ्या हाताचा आकार धरून बसला. खालच्या बाजूनं पीव्हीसी पाइपचा उभा कापलेला अर्धा तुकडा बसवला, पन्हळीसारखा. रॉडची मागची दांडी त्या पन्हळीत बसते आणि वरून दोन वेल्क्रोचे पट्टे येतात. कोपर वाकवलं की रॉड उचलला जातो.

पहिली चूक महिन्याभरात झाली. जेट्टीवर नुसतं बघायला म्हणून गेलो होतो. हातपट्टी काढून उन्हात काळ्या पिशवीवर ठेवली आणि चहा घेऊन आलो तर ती एका बाजूनं बसली होती. जे गरम पाण्यात मऊ होतं ते मे महिन्यातल्या उन्हातही होणारच. नंतर त्याच मापाची पॉलिप्रॉपिलीनची करून घेतली. ती टिकली. तरी पहिली करायची ती थर्मोप्लास्टिकचीच, कारण ती पुन्हा पुन्हा गरम करून दुरुस्त करता येते. माझं माप चार वेळा बदललं.

बाकीचं सामान मुंबईनंच जमवून दिलं. नागदेवीतून पाइप आणि स्क्रू, क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांमधून गळ, शिसं, तंगूस. वजन उचलणारे लोक कमरेला बांधतात तो रुंद पट्टा घेतला आणि रॉडचं टोक टेकायला त्यावर पाइपचा पेला बसवला. पट्ट्यांची शिवण स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या दादांनी केली. ते प्रत्येक टाका ओढून बघत होते. "समुद्रावर नेणार ना, मग नायलॉनचा दोरा घालतो, सुती कुजतो," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

गाठींना मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. एका हातानं गळ बांधून बघा म्हणजे कळेल. सुरुवातीला दातानं तंगूस ओढायचो. त्यानं दाताचा टवका उडतो आणि तंगूसही चिरतं, मग मासा लागला की नेमका तिथंच तुटतं. शेवटी प्लायवुडची एक फळी केली. तिच्यावर कपड्यांचा लाकडी चिमटा स्क्रूनं पक्का केला आणि शेजारी एक खिळा ठोकला. गळ दांडीकडून चिमट्यात धरायचा, नेढं बाहेर ठेवायचं. तंगूस दुमडून त्याचा फास नेढ्यातून ओढून घ्यायचा, त्या दुपदरी तंगसाची साधी सैल गाठ मारायची, मग फास गळावरून पलीकडे टाकायचा, थुंकी लावायची आणि सावकाश आवळायचं. ओढताना दुसरं टोक खिळ्याला गुंडाळलेलं असतं. याला पालोमार गाठ म्हणतात. पूर्वी मी तंगूस पाच-सहा वेळा पिळून मारायची गाठ वापरायचो. एका हाताला ते वेढे धरता येत नाहीत. पालोमारला वेढेच नाहीत, आणि ती भरपूर पक्की असते. पहिली गाठ मारायला मला चाळीस मिनिटं लागली होती. आता दोन मिनिटं लागतात. शनिवारी रात्री आई मालिका बघते, शेजारी बसून मी दहा-बारा गळ बांधून ठेवतो. जेट्टीवर फक्त तयार फास क्लिपमध्ये अडकवायचा.

आमिष लावायला थर्माकोलचा ठोकळा. गळ त्यात खोचून उभा करायचा आणि कोलंबी वरून चढवायची. तंगूस कापायला नेलकटर, गळ्यात दोरीनं लटकवलेला. ठोकळा कुणीतरी फेकून दिलेल्या खोक्यातला, नेलकटर घरातला. महागड्या सामानापेक्षा या दोन वस्तूंनी मला जास्त मोकळं केलं.

आता फेकणं. डाव्या हातानं फेकायला मी शाळकरी पोरासारखा शिकलो. घराजवळच्या मैदानात पहाटे साडेपाचला, माणसं यायच्या आधी, गळ न लावता नुसतं चाळीस ग्रॅमचं शिसं. समोर आईची जुनी परात. रॉडची दांडी डाव्या हाताच्या पुढच्या भागाला वेल्क्रोनं बांधलेली, म्हणजे मनगटावर भार येत नाही. रिळाची कमान उघडायची, तंगूस तर्जनीत अडकवायचं, बाजूनं झोका द्यायचा आणि रॉड समोर आला की बोट सोडायचं. बोट लवकर सुटलं तर शिसं आभाळात, उशिरा सुटलं तर पायाशी. पहिले पंधरा दिवस परात शांत होती. तीन महिन्यांनी पंचवीस पावलांवरून दहातली सहा शिसं परातीवर वाजायला लागली. फेकून झालं की दांडी उजव्या हातपट्टीच्या पन्हळीत टाकायची, पट्टे ओढायचे आणि मूठ फिरवायची. कमान खट्टकन बंद होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये जेट्टीवर गेलो तेव्हा कोळी काका तिथंच बसले होते, त्यांच्या नेहमीच्या खुंट्याजवळ. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली दोरी, बस, एवढंच त्यांचं सामान. त्यांनी माझा सगळा साज फिरून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्यो बांधलास. सुटंल कसा?"

मी वेल्क्रो दाखवला. त्यांनी काही न बोलता माझ्या तंगसाचं टोक हाताला गुंडाळलं, दहा पावलं लांब गेले आणि हिसका दिला. मी दोन पावलं कडेकडे खेचला गेलो. डाव्या हातानं पट्टा शोधेपर्यंत तिसरं पाऊल पडलं. काकांनी दोरी सोडली. "मोठा पाकट लागला तं तू पान्यान जाशील. आधी सुटायचा शिक, मंग गरव."

त्यांचं अगदी खरं होतं, आणि ही गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती. अंगाला बांधलेल्या कुठल्याही साधनाला एका ओढीत सुटायची सोय हवी. दादांकडून दोन्ही पट्टे एकाच कडीला जोडून घेतले. कडी छातीवर असते. ती डाव्या हातानं ओढली, किंवा दातानं ओढली, तरी रॉड मोकळा होतो. रॉड समुद्रात गेला तर जाऊ दे. रिळाचा ड्रॅगही सैल ठेवतो, दोन किलोच्या ओढीला तंगूस सुटायला लागेल इतका. आणि लाइफ जॅकेट. एका हातानं पोहता येतं या भरवशावर राहू नका. काकांनी नंतर तीन वेळा तशीच परीक्षा घेतली, न सांगता.

वारही त्यांनीच ठरवून दिला. माझा रविवार त्यांनी मोडीत काढला. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी, ओढ जबरदस्त, शिसं जड लागतं, एका हातानं फेकायला ते अवघड. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असते, पाणी मंद चालतं, साठ ग्रॅम शिसं तळाला टिकतं. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पहाटेची भरती आणि सौम्य ओढ एकाच दिवशी मिळते. आता माझी सुट्टी पंचांग बघून पडते.

हिसक्याचा प्रश्न उरला होता. मासा लागला की मनगटानं हिसका मारायची जन्माची सवय, आणि मनगटच नाही. त्याला उत्तर सर्कल गळाचं मिळालं. याचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन चालायला लागला की फक्त तंगूस ताणत न्यायचं, गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हिसका मारला तर उलट तोंडातून निसटतो. मासा गळ गिळण्याचं प्रमाणही कमी होतं, त्यामुळे लहान मासा सोडून द्यायचा असेल तर तो धड परत जातो. हा गळ दोन्ही हात असलेल्यांनीही वापरावा असं माझं मत आहे. गळाच्या टोकामागची उलटी कुसळ मी पक्कडीनं दाबून टाकतो, म्हणजे काढताना झटापट नको.

ती कुसळ दाबायला मी शिकलो एका शिंगाळा माशामुळे. ऑक्टोबरातली गोष्ट. शिंगाळा वर घेतला, तो तडफडला, मी डाव्या हातात पक्कड घेऊन त्याच्याशी झगडत होतो. शेजारी उभा असलेला मुलगा ओरडला, "काका, रक्त!" खाली बघितलं तर उजव्या तळव्यात गळ रुतला होता, कुसळीच्या पलीकडे, आणि दगडावर रक्ताचे थेंब. मला काहीच कळलं नव्हतं. कसलीही कळ नाही, चुरचुर नाही. स्वतःच्या हाताकडे मी दुसऱ्याच्या हातासारखा बघत होतो. दवाखान्यात गळ काढून घेतला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. गळाऐवजी शिंगाळ्याचा काटा असता तर त्यात विषही असतं, आणि तेही मला सूज आल्यावरच समजलं असतं. तेव्हापासून उजव्या पंजावर जाड चामड्याचा हातमोजा, घरी आल्यावर उजेडात पंजा उलटासुलटा तपासणं, आणि शिंगाळा लागला तर सरळ तंगूस कापणं. नसा गेलेल्या, मधुमेहानं पंजा बधिर झालेल्या, कुणीही हे तिन्ही पाळावं.

रक्त बघून ओरडलेला तो मुलगा मित्राला घेऊन यायचा. मित्र व्हीलचेअरवर, मणक्याच्या इजेमुळे दोन्ही हातांची बोटं कमजोर. त्याच्यासाठी माझा साज निरुपयोगी आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं. त्याला रॉड खुर्चीच्या दांडीला शिकंजानं बसवावा लागतो आणि रीळ विजेवर चालणारं, बारा व्होल्टच्या बॅटरीवर. ते मुळात बोटीवरून खोल पाण्यात मासेमारी करणाऱ्यांसाठी निघालं, जड आणि महाग असतं. मी घेतलं नाही, मला गरज नाही. पण त्याला एक बटण दाबता येतं, आणि तेवढ्यावर तो मासा वर आणू शकतो. ज्यांना बोटही हलवता येत नाही त्यांच्यासाठी नळीत फुंकून किंवा श्वास ओढून रीळ चालवायची सोयही परदेशात केलेली आहे. त्या व्हीलचेअरवरच्या मित्राचं खरं अडतं ते सामानावर नाही. रस्त्यापासून जेट्टीपर्यंत चार पायऱ्या आहेत. दर वेळी चौघांनी खुर्ची उचलायची, आणि चौघं जमले नाहीत तर तो वरूनच समुद्र बघून परत जातो. त्या चार पायऱ्यांवर सिमेंटचा उतार घाला म्हणून आम्ही दोनदा अर्ज दिलेत. तिसरा लिहून तयार आहे.

आणि तो ढोमा. नोव्हेंबरातला भांग, भरती लागून अर्धा तास झाला होता. डावी तर्जनी तंगसावर टेकवून बसलो होतो. या बोटाला काही कळत नाही अशी माझी दोन महिने खात्री होती. लाटेचा धक्का, चिंबोरीचं कुरतडणं, शिसं घसरणं, सगळं त्याला सारखंच वाटायचं. त्या दिवशी दोन बारीक ठोके आले. मग थांबले.

मी श्वास ओढला. ठरवून नाही, आपोआप. आणि माझा दंड आखडला, कोपर वाकलं, रॉड वर उचलला गेला. आठ-नऊ महिन्यांपूर्वी सुटलेली ती श्वासाची सवय नेमकी तेव्हा परत आली. तंगूस ताणलं गेलं, हळूच, सर्कल गळाला हवं तसंच. पलीकडे वजन जाणवलं. डावा हात मुठीवर गेला होता, कधी ते आठवत नाही.

पाव किलोचा असेल. पाण्याबाहेर आला की ढोमा गुरगुरतो, पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू वाजवून. तो आवाज मी अडीच वर्षांनी ऐकत होतो. ओल्या फडक्यावर त्याला पायानं हलकं दाबून धरलं आणि पक्कडीनं गळ काढला. जबड्याच्या कोपऱ्यातून तो अलगद सुटला. हात थरथरत होता, डावा.

काकांनी आपल्या बाटलीवरून नजर काढली, बादलीत डोकावले आणि म्हणाले, "दुसरी टाक रं. पानी थांबाचा नय तुज्यासाठी."

मी ठोकळ्यात गळ खोचला आणि कोलंबी शोधायला लागलो.